कपाटामागची भिंत

आज बेडरूममधलं कपाट पुढे ओढलं आणि काळजात चर्र झालं. मागे भिंतभर काळ्या बुरशीचे ठिपके, खालचं प्लायवूड फुगलेलं. बाहेर बर्फ, म्हणून महिनाभर खिडक्या गच्च बंद. आंघोळीची वाफ, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे, सगळा ओलावा घरातच कोंडलेला. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली, की १२ अंशांपेक्षा गार भिंतीवर दव धरतंच.

आता कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या. भिंतीला आतून इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, मात्र घाईने नाही. आधी माळ्यावरच्या फटी बुजवणार, तिथूनच ऊब निसटते.

बाळाचं अंथरूण आज हॉलमध्ये घातलंय.