साडेचार टनांचं टँकरिंग

नोव्हेंबर 2023, मुंबई–चेन्नई, सकाळचं उड्डाण, ए320निओ विमान. डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणाची आखणी करणाऱ्या विभागाच्या, टेबलावर फ्लाइट प्लॅन आला तोच ‘टँकर 4.5 टन’ असा शेरा घेऊन. म्हणजे परतीचं इंधनही मुंबईतच भरून न्यायचं. कारण व्हॅट. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडपुरता एटीएफवरचा (विमान इंधनावरचा) व्हॅट 25 वरून 18 टक्क्यांवर आणला होता. तमिळनाडूत तो 29. मूळ दर सारखा धरला तर चेन्नईचं इंधन 9 टक्क्यांनी महाग पडतं.

पण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. ढोबळमानाने जादा वजनाच्या 3 टक्के, दर तासाला. पावणेदोन तासांत साडेचार टनांतले सुमारे 235 किलो वाटेतच जळतात. किलोमागे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 740 किलो. दरातला फरक साडेपाच टक्क्यांच्या वर गेला की तरीही पैसे सुटतात. प्लॅनची आकडेमोड बरोबरच होती. कार्बनला तिच्यात रकाना नव्हता.

अडलं ते उतरण्याच्या वजनावर. विमान, प्रवासी आणि सामान मिळून 59.5 टन, नेहमीचं राखीव इंधन 3.1, वर टँकरचे उरलेले 4.3: चेन्नईत उतरताना 66.9. मर्यादा 67.4. तेवढ्यात वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या लोड कंट्रोलचा फोन, कार्गो 700 किलोंनी वाढला. झाले 67.6. अशा वेळी आधीच टाकी भरली असेल तर पंचाईत होते. काढलेलं इंधन सहजासहजी दुसऱ्या विमानात घालता येत नाही, आणि ते काढण्यात (डीफ्युएलिंग) उड्डाणाची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, जातो तो वेगळाच. म्हणून टँकर असला की आम्ही इंधन भरणाऱ्या डिस्पेन्सरवाल्याला आधी किमान आकडा देतो, उरलेलं लोड पक्कं झाल्यावर.

टँकर कापून साडेतीन टनांवर आणता आला असता. पण मग परतीला चेन्नईत भरावं लागणारच, बचतीचा काही भाग तिथेच गेला. शिवाय तिकडे ईशान्य मोसमी पाऊस. ओल्या धावपट्टीवर मर्यादेला टेकलेलं विमान उतरवणं कुणालाच नको असतं.

“सर, टँकर काढू का? चेन्नईला अधूनमधून गडगडाटी पावसाचा अंदाज (टेम्पो) आहे,” डिस्पॅचरने विचारलं.

“काढा. अर्ध्या तासाचं होल्डिंगचं, घिरट्यांसाठीचं इंधन तेवढं ठेवा.”

चेन्नईवर वीस मिनिटं घिरट्या घालाव्या लागल्या. टँकर असता तर त्यातलेच सात-आठशे किलो तिथे जळाले असते, आणि परतीला इंधन भरणं काही टळलं नसतं.

त्याच वर्षी 19 मे रोजी पुणे–दिल्ली उड्डाणात प्राज आणि इंडियन ऑइलचं देशी बनावटीचं शाश्वत विमान इंधन वापरलं गेलं, 1 टक्क्यापर्यंत मिसळून. चांगलंच झालं. पण चेन्नईच्या एका बाजूच्या उड्डाणाचे सव्वाचार टन धरले तर 1 टक्का म्हणजे 42 किलो, आणि निव्वळ करातल्या फरकापायी आम्ही जाळायला निघालो होतो 235. युरोपीय संघाने यावर नियम केलाय: तिथल्या विमानतळावरून वर्षभर उडायला लागणाऱ्या इंधनापैकी किमान 90 टक्के तिथेच भरायचं, 2025 पासून. आपल्याकडे राज्याराज्यांतला व्हॅट जुळवणं हाच सरळ उपाय. विमानांच्या कार्बन भरपाईच्या कॉर्सिया योजनेचा इथे उपयोग नाही, ती योजना आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरती आहे.

टँकर नाकारला की कारणाचा कोड भरावा लागतो. यादीत लँडिंग वजन, हवामान, धावपट्टी आणि तांत्रिक असे चारच पर्याय होते. लँडिंग वजन टाकलं.