भांग रुंद होत गेला तेव्हा

पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. नागपुरात त्याचं कोणाला नवल वाटत नाही. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, मी शाळेत रुजूही झाले. दिवाळीच्या सुमारास मात्र डोक्यावरून पाणी घेतलं की न्हाणीची जाळी केसांनी तुंबायला लागली. सासूबाईंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला, शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सांगितला आणि स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीनं बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटलीच हातात ठेवली.

आधी केसांच्या एका क्लिनिकमध्ये गेले. तिथे डॉक्टर भेटायच्या आधीच काउंटरवरच्या मुलीनं पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचण्याच्या, पॅकेजचा कागद पुढे केला. रक्ताची तपासणी नाही, काही नाही. मी तशीच उठून आले.

मग रामदासपेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी डोकं नंतर पाहिलं, आधी प्रश्न विचारले. गेल्या सहा महिन्यांत ताप, ऑपरेशन, बाळंतपण, कडक डाएट? पाळी नियमित आहे का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणि शेवटी, "आईचे केस कसे आहेत हो?" हा प्रश्न मला लागला, कारण आईचा भांग पन्नाशीतच रुंद झाला होता.

मग केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली आणि भिंगासारखं यंत्र टाळूवर ठेवून मला स्क्रीनवर दाखवलं. जाड केसांच्या शेजारी अगदी बारीक, लव म्हणावी असे केस. त्यांच्या मते माझ्या डोक्यावर एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. एक डेंग्यूची. एरवी शंभरातले दहाएक केसच विश्रांतीत असतात, पण मोठ्या तापानंतर बरेच एकदम त्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. दुसरी आईकडून आलेली. यात कपाळावरची केसांची कड तशीच राहते, पण भांगाजवळचे केस हळूहळू बारीक होत जातात. लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या, मी पहिल्या पायरीवर होते. ही आपोआप थांबत नाही. डेंग्यूच्या गळतीला औषध लागत नाही, आईकडून आलेलीचं औषध सोडता येत नाही, आणि मी तर सगळा राग डासांवर काढत होते!

रक्ताच्या तपासण्या झाल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, ड जीवनसत्त्व. त्याआधी बायोटिन बंद करायला सांगितलं, कारण त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. शरीरात त्याची कमतरता नसेल तर केसांना उपयोग झाल्याचा भक्कम पुरावाही नाही म्हणे. पाळी नियमित असल्यामुळे इतर हार्मोनच्या तपासण्या टळल्या. पाळी लांबत असेल किंवा हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, आहे का ते पाहतात. माझं हिमोग्लोबिन बरं होतं, फेरिटिन मात्र कमी निघालं. लोहाची गोळी सुरू झाली. ती चहासोबत घ्यायची नाही, क जीवनसत्त्वासोबत घेतलेली बरी. संत्र्यांचे दिवस होते, तेवढं तरी सोपं गेलं.

भांगासाठी मिनॉक्सिडिल. मूळचं हे रक्तदाबाचं औषध, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून इकडे आलं. बायकांसाठी २ टक्क्यांचं दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा. मी फोम घेतला. तो कोरड्या टाळूला लावायचा, केसांना नाही. लावल्यावर हात धुवायचे, नाहीतर गालावर लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपायचं, तिच्यासाठी हे विष आहे. आमची मनी तेव्हापासून माझ्या उशीला पारखी झाली.

सुरुवातीच्या आठवड्यांत गळती उलट वाढली. बाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून धीर धरला, नाहीतर बाटली फेकलीच असती. जुने विश्रांतीतले केस पडून नव्यांना वाट मिळते, म्हणून असं होतं. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार-सहा महिने आरशाकडून अपेक्षाच ठेवायची नाही. ऐन उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, भांगाच्या कडेनं बोटभर केस उभे दिसले. पूर्वीसारखे दाट नाहीत, पण आहेत. स्कार्फ आणि हेल्मेट दोन्ही चालूच होते, त्यांनी केस मुळातून पातळ होत नाहीत. घट्ट बांधलेली वेणी मात्र सोडली.

बाकीचे पर्यायही विचारले. पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीवर गर्भधारणा टाळावी लागते. पीआरपीचा कोणाला गुण येतो, कोणाला नाही, आणि खर्च भरपूर. माझ्या टप्प्यावर त्याची घाई नको, असं बाईंचं म्हणणं मला पटलं. प्रत्यारोपणात मागचे केस पुढे लावतात, पण बऱ्याच बायकांचे मागचेही विरळ असतात.

परवा धाकट्या जावेनं माझा फोम मागितला. दिला नाही. ती अंगावर पाजतेय, आणि बाळंतपणानंतरची गळती साधारण बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आटोक्यात येते. तिला म्हटलं, "आधी हिमोग्लोबिन नि थायरॉइड तपास, मग रुसून बस."