पाय दाबल्यापासून जोर लागेपर्यंत

जर्मनीत आल्यापासून वर्षातले दोन-तीन रविवार मी आणि माझे दोन मित्र न्यूर्बर्गरिंग या शर्यतमार्गाच्या नॉर्डश्लाइफे या जुन्या भागावर, ब्र्युनशेन नावाच्या वळणापाशी असलेल्या उतारावर बसून घालवतो. आइफेलच्या जंगलातून वळत जाणारा सुमारे २०.८ किलोमीटरचा हा मार्ग १९२७ साली खुला झाला आणि ठरावीक दिवशी शुल्क भरून कोणालाही आपली गाडी त्यावर नेता येते, त्यामुळे एरवी फक्त छायाचित्रांत दिसणाऱ्या गाड्या तिथे काही मीटरांवरून जाताना दिसतात आणि ऐकू येतात. आम्ही तिघेही याच व्यवसायातले आहोत. मी पुण्यात असताना इंजिनांचे कॅलिब्रेशन, म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाण वगैरे जुळवण्याचे काम, करत होतो आणि आता श्टुटगार्टजवळ तेच करतो. नाशिकचा माझा मित्र बॅटरीवर काम करतो आणि तिसरा, वयाने आमच्यापेक्षा बराच मोठा असलेला जर्मन सहकारी, मॅन्युअल गिअरची जुनी पोर्श ९११ सांभाळून आहे. बोलणे नव्या स्पोर्ट्‌स कारवरच येते आणि गेल्या दोन वर्षांत ते प्रत्येक वेळी एकाच मुद्द्यावर अडले आहे. तोच मुद्दा मला इथे नीट मांडायचा आहे.

नवी गाडी आली की चर्चेत पहिला आकडा निघतो तो अश्वशक्तीचा. कॉर्व्हेट झेडआर१ ची १,०६४, लॅम्बोर्गिनी टेमेरारिओची ९२०, नव्या ९११ टर्बो एसची ७११. हे आकडे खोटे नाहीत, परंतु गाडी चालवणाऱ्याला काय जाणवेल हे त्यांतून फारसे कळत नाही. वळणातून बाहेर पडताना इतकी शक्ती मागचे टायर पूर्ण घेऊच शकत नाहीत. चालकाला प्रत्यक्ष जाणवते ती दुसरीच गोष्ट, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यापासून पाठीला जोर लागेपर्यंत गेलेला वेळ. गेल्या काही वर्षांतले सगळ्यांत चांगले अभियांत्रिकी काम या वेळेवर झाले आहे असे माझे मत आहे आणि उत्साही लोकांच्या चर्चेत त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही याचे मला वाईट वाटते.

महाराष्ट्रात घाटातून लहान डिझेल गाडी चालवलेल्या कोणालाही हा वेळ ठाऊक असतो, फक्त त्याला टर्बो लॅग म्हणतात हे ठाऊक नसेल. वरंध घाटात वडिलांच्या गाडीत मी तो शिकलो. पुढे ट्रक, थोडी मोकळी जागा दिसली म्हणून पाय दाबावा, तर गाडी क्षणभर ढिम्म, आणि इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या पुढे गेले की एकदम कोणीतरी मागून ढकलल्यासारखा जोर यायचा, तोपर्यंत पुढची मोकळी जागा संपलेली असायची. वडील तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येऊन इंजिन आधीच वर धरायचे आणि मगच बाहेर काढायचे. त्यांना कारण माहीत नव्हते, उपाय मात्र अचूक माहीत होता.

कारण साधे आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र, आणि तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर. पाय दाबला तरी आधी जास्त वायू बाहेर पडायला हवा, त्याने टर्बाइनचे चाक वेग घ्यायला हवे, त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने हवा दाबायला हवी, आणि मग कुठे सिलिंडरमध्ये जास्त हवा जाऊन जास्त इंधन जळणार. चाकाला वस्तुमान असते, त्यामुळे त्याला वेळ लागतो. टर्बो लहान ठेवला तर तो लवकर वेग घेतो, पण वरच्या फेऱ्यांत त्याचा श्वास कोंडतो. मोठा ठेवला तर शक्ती भरपूर मिळते आणि खालच्या फेऱ्यांत वाट पाहावी लागते. अनेक दशके टर्बो इंजिन बनवणारे सगळे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तडजोड करत आले.

२०२४ च्या मे महिन्यात पोर्शने ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये टी-हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड, आणली तेव्हा हायब्रिड हा शब्द ऐकूनच अनेकांनी नाक मुरडले. मी कामावरच्या दुपारच्या सुट्टीत तिची तांत्रिक माहिती वाचली आणि जेवण तसेच राहिले. पूर्वीचे दोन टर्बो काढून तिथे एकच मोठा टर्बो बसवला आहे आणि त्याच्या टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांच्या मधल्या दांड्यावर एक विद्युत मोटार आहे. पाय दाबला की वायूची वाट न पाहता ही मोटार टर्बो फिरवते, आणि एका सेकंदाच्या आत तो मिनिटाला १,२०,००० फेऱ्यांवर जातो. यातला दुसरा भाग मला त्याहून सुंदर वाटतो. दाब पुरेसा झाला आणि वायू अजून येतच असेल, तर नेहमीच्या इंजिनात तो वेस्टगेट नावाच्या झडपेतून सोडून दिला जातो. इथे ती झडपच नाही. तीच मोटार जनित्र बनून चाकाला रोखते आणि ११ किलोवॅटपर्यंत वीज बनवते. ती वीज बॅटरीत जाते किंवा गिअरबॉक्समध्ये बसवलेल्या ४० किलोवॅटच्या दुसऱ्या मोटारीला मिळते.

बॅटरी १.९ किलोवॅट-तासांची, म्हणजे नुसत्या विजेवर गाडी चालवण्यासाठी ती नाहीच. ती हाती आलेली ऊर्जा क्षणभर धरून लगेच परत देते. इंजिन ३ लिटरवरून ३.६ लिटरचे झाले, एकटे ४८५ अश्वशक्ती देते आणि इंजिन व मोटार मिळून ५४१. इंजिन वाढवण्यामागचे कारण माझ्या रोजच्या कामातले असल्याने थोडे थांबून सांगतो. पूर्ण जोरात चालणारे टर्बो इंजिन तापते, आणि ते थंड ठेवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारण्याची जुनी युक्ती आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही सवलत संपत चालली आहे. हवा आणि इंधन यांचे प्रमाण सर्व परिस्थितीत अचूक ठेवायचे तर तेवढ्याच आकारमानातून मिळणारी शक्ती घटते, म्हणून आकारमान वाढवावे लागते. नियमांनी इंजिने लहान केली अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो, इथे नियमामुळे इंजिन मोठे झाले आहे.

एवढे सगळे बसवूनही आधीच्या जीटीएसपेक्षा वजन ५० किलोनेच वाढले, आणि नॉर्डश्लाइफेची फेरी ७ मिनिटे १६.९३४ सेकंदांत झाली, म्हणजे पूर्वीपेक्षा ८.७ सेकंद लवकर. टर्बोच्या दांड्यावर मोटार बसवण्याची ही कल्पना फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून २०२५ पर्यंत होती आणि २०२६ च्या नियमांत ती काढून टाकली गेली. शर्यतीतून ती गेली आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत राहिली, याचे मला फार अप्रूप वाटते.

नाशिकच्या मित्राचा जीव मात्र टेमेरारिओवर आहे, आणि त्याची बाजूही तितकीच भक्कम आहे. तिच्या ४ लिटरच्या व्ही८ इंजिनावर दोन टर्बो आहेत आणि तरीही ते मिनिटाला १०,००० फेऱ्या घेते. टर्बो इंजिनाने इतक्या वर जाणे रस्त्यावरच्या गाडीत जवळजवळ अनोळखीच होते. फिरणाऱ्या भागांवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ९,००० वरून १०,००० वर जाताना फेऱ्या अकरा टक्के वाढल्या तरी ताण जवळपास तेवीस टक्क्यांनी वाढतो. त्यासाठीच पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले आहेत. टर्बो वरच्या फेऱ्यांसाठी निवडले, तेव्हा खाली उणीव राहणारच. ती भरून काढायला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक चपटी मोटार आहे आणि पुढच्या चाकांसाठी आणखी दोन. पोर्शने टर्बोच लवकर फिरवला, लॅम्बोर्गिनीने टर्बोला त्याचा वेळ घेऊ दिला आणि तेवढा वेळ विजेने भरून काढला. एकाच दुखण्यावर दोन वैद्यांनी दिलेली ही दोन औषधे आहेत, आणि यावर आम्ही दोघे तासन्‌तास बोलू शकतो.

वजनावर आल्यावर मात्र आमचे पटत नाही. टेमेरारिओचे कोरडे वजन, म्हणजे इंधन-तेल न भरता, १,६९० किलो आहे. तिच्या आधीच्या हुराकान ईव्होचे १,४२२ होते. म्हणजे २६८ किलो वाढले, चार माणसे कायमची गाडीत बसवल्यासारखे. मित्र म्हणतो की दोष बॅटरीला देऊ नका, ती जेमतेम ३.८ किलोवॅट-तासांची आहे, वजन मोटारींचे, इन्व्हर्टरचे, जाड केबलचे आणि त्या सगळ्याला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे आहे. त्याचे म्हणणे खरे आहे, पण ब्रेक लावताना हे वजन नेमके कशाचे आहे असे टायर विचारत नाहीत. सरळ रस्त्यावर शक्तीने वजन झाकता येते. वळणात शिरताना ते झाकता येत नाही, आणि माझ्या मते स्पोर्ट्‌स कारची खरी परीक्षा तिथेच होते.

म्हणूनच नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बोशिवाय आपला श्वास आपणच घेणारे इंजिन अजून टिकून आहे याचा मला आनंद आहे. ९११ जीटी३ ची २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली आवृत्ती पाहा. ४ लिटर, ९,००० फेऱ्या, ५१० अश्वशक्ती, वजन १,४२० किलोपासून. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, असल्याने झडप उघडणे आणि हवा आत जाणे यांत अंतर उरत नाही. प्रदूषणनियंत्रणाची साधने वाढल्यामुळे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ४७० वरून ४५० न्यूटन-मीटरवर आला आणि लगेच अनेकांनी ही गाडी मागे गेली असे ठरवून टाकले. पण अंतिम गिअरचे गुणोत्तर आठ टक्क्यांनी आखूड केले आहे. ४५० ला १.०८ ने गुणले तर ४८६ येतात. म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकांपर्यंत पोहोचणारा जोर उलट आधीच्यापेक्षा तीन टक्क्यांहून थोडा जास्तच आहे. माहितीपत्रकातला एक आकडा पाहून गाडीला नावे ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करायला हवा होता.

अमेरिकन गाड्यांबद्दल युरोपात जी उपेक्षा ऐकू येते ती आता सोडून द्यायला हवी. कॉर्व्हेट झेड०६ चे ५.५ लिटरचे व्ही८ टर्बोशिवाय ८,६०० फेऱ्यांपर्यंत जाऊन ६७० अश्वशक्ती देते, आणि झेडआर१ त्याच इंजिनाच्या पायावर दोन टर्बो लावून उभी आहे. २०२५ मध्ये तिने नॉर्डश्लाइफेची फेरी ६ मिनिटे ५०.७६३ सेकंदांत केली. चक्रामागे भाड्याने आणलेला शर्यतपटू नव्हता, कंपनीचाच अभियंता होता. ज्याने गाडी घडवण्यात हात लावला त्यानेच ती तिथे चालवावी, याहून मोठा आत्मविश्वास कोणता असणार?

प्रतिसादाच्या वेडाचे टोक पाहायचे तर गाड्यांचे आरेखक गॉर्डन मरी यांच्या टी.५० या गाडीकडे पाहावे लागते. कॉसवर्थने बनवलेले ३.९ लिटरचे व्ही१२, १२,१०० फेऱ्या, १७८ किलोचे इंजिन, १,००० किलोपेक्षाही हलकी संपूर्ण गाडी, हाताने टाकायचे सहा गिअर आणि फक्त १०० गाड्या. इंजिन रिकामे फिरवले तर अवघ्या ०.३ सेकंदांत वरच्या मर्यादेला पोहोचते. याच्या दहाएक वर्षे आधी लेक्सस एलएफएच्या व्ही१० ला ९,००० पर्यंत जायला ०.६ सेकंद लागत आणि डायलचा काटा मागे पडतो म्हणून तिथे डिजिटल मीटर लावावे लागले होते. रिकामे फिरणे आणि भार घेऊन फिरणे यांत फरक आहे हे मी विसरलेलो नाही, तरी ०.३ हा आकडा वाचला की अंगावर काटा येतो.

गेल्या खेपेला उतारावर बसून आम्ही एक प्रयोग केला. मार्गाकडे पाठ करायची आणि वळणातून गाडी बाहेर पडताना नुसत्या आवाजावरून सांगायचे, टर्बो की विनाटर्बो. जुन्या टर्बो गाड्या लगेच ओळखू येत होत्या, कारण इंजिनाचा आवाज चढण्याआधी किंचित पोकळी असते. विनाटर्बो गाडीत चालकाचा पाय आणि आवाज एकत्रच हलतात. दुपारी एक गाडी आली, तिचा आवाज पोकळीशिवाय थेट चढला, आणि आम्ही दोघांनीही विनाटर्बो असे सांगितले. वळून पाहिले तर ती नवी जीटीएस होती. मित्र खूश झाला, मीही झालो.

जर्मन सहकारी मात्र गप्प होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "टर्बोची वाट पाहणे तुम्ही संपवलेत, ते मान्य आहे. पण माझ्या डाव्या पायाचे काय?" त्याचा प्रश्न रास्त होता. टी-हायब्रिडमधली मोटार आठ गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्येच बसवली आहे, त्यामुळे या जीटीएसला क्लच पेडल मिळतच नाही. आधीच्या जीटीएसला मिळत होते. मी सांगितले की जीटी३ मध्ये अजून मिळते. "अजून," तो म्हणाला.

संध्याकाळी मार्ग बंद झाल्यावर आम्ही त्याच्या जुन्या गाडीतून परत निघालो, मित्र मागच्या अरुंद आसनावर आणि मी पुढे. आडेनाउकडे उतरणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक वळणाआधी तो उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलका धक्का देत होता, डावा पाय क्लचवर जात होता, आणि गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर कुठलाही झटका न देता पडत होता. वरंध घाटात वडील टाकायचे तोच दुसरा गिअर.