तीन इंची पाइपचे क्लॅम्प आणि दुर्बीण: स्वस्तात पण पक्की जोडणी

८० मिमी भिंगाच्या (अपवर्तक) दुर्बिणीची नळी बाहेरून बऱ्याचदा ९० मिमीच्या आसपास असते. तीन इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ८९ मिमी. त्यामुळे आग विझवण्याच्या पाइपलाइनला लागणारे, आतून रबर लावलेले दोन तुकड्यांचे क्लॅम्प या नळीवर नेमके बसतात, आणि दुर्बिणीची नळी धरणाऱ्या तयार कड्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला मिळतील. जाण्याआधी नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ने भागा. घेर २८० मिमी आला तर व्यास ८९. क्लॅम्पवर छापलेल्या मापांच्या टप्प्यात हा आकडा मधोमध पडला पाहिजे. अगदी टोकाला पडला तर क्लॅम्प पिळून बसवावा लागतो आणि पातळ नळी अंडाकृती होते.

या क्लॅम्पचा कच्चा भाग त्याच्या पोटाखाली आहे. तिथे एम८चा (८ मिमी बोल्टचा) एकच नट वेल्ड केलेला असतो. पाइपला तेवढा पुरतो, दुर्बिणीला नाही. नटाचा टेकू जेमतेम १३ मिमी रुंद, त्यामुळे फोकसरला (प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाला) हात लावला की वरची कडी, म्हणजे क्लॅम्प, डुलते आणि तारा नाचतो. उपाय अगदी साधा आहे: नटाच्या दोन्ही बाजूंना, क्लॅम्पचे पोट आणि ज्या पट्टीवर कड्या बसतात ती खालची पट्टी यांच्यामधल्या फटीत एम-सील (दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी लांबी) ठासून भरा. दोन्ही भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. नळी कड्यांत घालून, दोन्ही कड्या एका रेषेत आल्याची खात्री करून मगच भरायचे आणि रात्रभर हलवायचे नाही. नट थोडा तिरका वेल्ड झालेला असला तरी तो तिरकेपणा यात जिरतो. या सगळ्या जोडणीत सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो.

खालची पट्टी म्हणजे डव्हटेल बार, तिरप्या बाजूंची पट्टी. ५० × १२ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, शक्यतो ६०६१ किंवा ६०८२ दर्जाची. मऊ पट्टीत स्क्रूचे खड्डे लगेच पडतात. लांबी २०० ते २५० मिमी. व्हिक्सन या प्रचलित पद्धतीच्या सॅडलसाठी (माउंटवर, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या आधारावर, बार पकडणाऱ्या जबड्यासाठी) तळ ४४ मिमी रुंद ठेवून दोन्ही बाजू बहुधा १५ अंशांनी आत उतरवतात. तसे केल्यावर वरची रुंदी साधारण ३७.५ मिमी उरते. तरी मिलिंगवाल्याकडे जाताना स्वतःचे सॅडल सोबत न्या आणि कोन त्यावरूनच घ्यायला सांगा. बारची रुंद बाजू सॅडलच्या तळाकडे, अरुंद बाजू नळीकडे. उलटी बसवली तर जबडा तिला धरतच नाही.

कड्या बारवर खालून एम८च्या काउंटरसंक ॲलन बोल्टने आवळा. डोके बारच्या तळाशी सपाट बुडले पाहिजे. बोल्टची लांबी नीट तपासा. २५ मिमीचा बोल्ट १२ मिमीच्या बारमधून १३ मिमी वर येतो. नट १० मिमी उंच असेल तर उरलेले टोक रबराला भिडते आणि नळीला पोचा पाडते. अशा वेळी २० मिमीचा घ्या. आट्यांना निळे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा. लाल लावले तर पुढे बोल्ट तापवल्याशिवाय सुटणार नाही.

बार कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायचा असेल तर आट्यांचा घोळ नेहमी होतो. कॅमेरा ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत दोन सूत, इंचाला २० आटे. एम६ दिसायला तसाच, पण त्याची आट्यांमधली अंतरे वेगळी. पाव इंची भोकात तो दोन-तीन आटे जातो, अडकतो, आणि जोर लावला की भोकातले आटे खरवडतो. ॲल्युमिनियममधले असे भोक मग वजन पेलण्याच्या कामाचे राहत नाही.

आता सुरक्षेचा बोल्ट. नळीचे तोंड वर असते, त्यामुळे सॅडलचा स्क्रू सैल झाला की बार मागच्या बाजूला घसरतो. म्हणून अडसर बारच्या पुढच्या टोकाला हवा: टोकापासून १५ मिमीवर ५ मिमीचे भोक, त्यात आटे पाडायला एम६चा टॅप, आणि तळाच्या बाजूने वॉशरसह बोल्ट. बार सॅडलमध्ये पुढून मागे सरकवायचा, म्हणजे बोल्ट आड येत नाही. माउंटचा क्लच (अक्ष घट्ट धरणारी कळ) सैल असताना तोंड खाली झुकले तर घसरण उलट्या दिशेने होते. त्यासाठी मागच्या टोकालाही असाच एक बोल्ट, पण तो बार बसवल्यानंतर लावायचा.

विषुववृत्तीय माउंटवर (पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या) आधी प्रतिवजन, मग नळी; उतरवताना आधी नळी. आयपीस आणि फाइंडर (छोटी शोधक दुर्बीण) लावूनच तोल साधा.

शेवटी चाचणी, आणि ती ध्रुवाकडे तोंड असताना घेऊ नका. पुण्यात तेव्हा नळीला फक्त १८.५ अंशांचा उतार असतो, आणि एवढ्या उतारावर सैल बारही घर्षणाने जागेवर राहू शकतो. नळी डोक्यावरच्या ताऱ्याकडे वळली की तोच बार सुटतो. म्हणून खाली गादी अंथरा, क्लच घट्ट करा, नळी सरळ उभी करा, बार आणि सॅडल यांवरून आडवी जाणारी पेन्सिलची एक रेघ मारा आणि नळी एका हाताने खाली ओढा. रेघ केसाएवढी जरी तुटली, तरी सॅडलचा स्क्रू काढून त्याचे टोक बघा. ते टोकदार असेल तर कानशीने सपाट करा, बारवर पडलेला खड्डा घासून काढा आणि पुन्हा ओढून बघा.