पडलेला उमेदवार आणि १३ खासदार

१९६९ ची राष्ट्रपती निवडणूक म्हटली की आजही एकच गोष्ट सांगितली जाते. इंदिराबाईंनी सिंडिकेटला, म्हणजे काँग्रेसमधल्या जुन्या नेत्यांच्या गटाला, लोळवलं; इंदिराबाईंचा पाठिंबा असलेले अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी आपटले. जणू लाटच होती. मतमोजणीचे आकडे काढून बसलं की ही लाट काही सापडत नाही.

नागपूरकरांनी ही निवडणूक मुद्दाम वाचावी. त्या महिनाभरात हंगामी राष्ट्रपती होते ते मोहम्मद हिदायतुल्ला, मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख, ज्यांची सनदी नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली.

आता मोजणी. खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ५७६ होतं. आमदाराचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे बदलतं. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला ४,१८,१६९ हवे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. बाकीच्या सगळ्यांचे मिळून ८,५०५. हा आकडा कुणीच गाठला नाही, म्हणून तळापासून एकेकाला बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. जिथे पुढची पसंतीच लिहिलेली नव्हती, ती मतं हिशेबातून गेली.

शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. वजाबाकी करून बघा. फिरून आलेल्या मतांपैकी रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२. देशमुख हे 'स्वतंत्र' नावाचा पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार, त्यामुळे त्यांच्या मतदारांचा कल रेड्डींकडे होता. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी या दोन पक्षांशी दुसऱ्या पसंतीची बोलणी केली होती आणि नेमकं तेच इंदिराबाईंच्या हाती कोलीत मिळालं. पक्षाचा उमेदवार न बघता "अंतरात्म्याच्या आवाजा"ने मत द्या, हे त्यांचं आवाहन त्यातूनच आलं.

फरक १४,६५० चा. एक मत इकडून तिकडे गेलं की फरक दुपटीने घटतो, म्हणून त्याचा निम्मा ७,३२५, भागिले ५७६. रेड्डींकडे १३ खासदार वळले असते तर राष्ट्रपती ते झाले असते. मग गिरींना आपण काय म्हणालो असतो? बंडखोरी अंगाशी आलेले म्हातारे गृहस्थ, बहुधा.

लाटेची आठवण खरी आहे, पण ती नंतरची. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, १९७१ च्या लोकसभेत इंदिराबाईंनी मैदान मारलं, रेड्डी अनंतपूरला पडले. तो विजय लोकांनी मागे सरकवून १९६९ वर चिकटवला. निकाल कळल्यावर तो आधीपासून अटळच वाटू लागतो, हे बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगाने दाखवलं. आवडनिवडही निकालासोबत सरकते. २०१६ मध्ये गॅलप या अमेरिकी संस्थेच्या जनमत चाचणीत ट्रम्प यांच्याबद्दल चांगलं मत असणारे निवडणुकीआधी ३४ टक्के होते, जिंकल्यावर ४२. त्या काही दिवसांत माणूस तर बदलला नव्हता.

रेड्डींचं पुढे काय झालं ते त्याहून गमतीचं. १९७७ मध्ये ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले, रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती. आठ वर्षांपूर्वी सिंडिकेटचा माणूस म्हणून हिणवलेले रेड्डी आता सर्वमान्य ठरले. त्यांच्यापेक्षा सभोवतालचं राजकारणच जास्त बदललं होतं. देशमुख मात्र हरलेले म्हणूनही कुणाच्या आठवणीत राहिले नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे, हे सगळ्यांना ठाऊक. राष्ट्रपतिपदाचे उमेदवार, हे विचारून पाहा.

कुठल्याही निकालावर हीच वजाबाकी चालते, फक्त खासदाराच्या मताचं त्या वर्षीचं मूल्य घ्यायचं. २०२२ मध्ये ते ७०० होतं. द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३, यशवंत सिन्हा ३,८०,१७७. सिन्हांना २१२ खासदार वळवावे लागले असते. यादीत मात्र रेड्डी आणि सिन्हा, दोघांच्याही नावापुढे "पराभूत" एवढंच.