योएलने गुडघे कधी टेकावेत

गुरुवार

सकाळी संपादकबाईंचा फोन आला. माझ्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित त्यांना आवडलंय, पण एक सूचना आहे. योएल देवाकडे वळतो ते प्रकरण सारा निघून जाण्याच्या आधी आणावं. "वाचकाला दिलासा मिळतो हो. दोघांचं जमणार हे एकदा कळलं की ती निवांत वाचते." त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे. आमच्या प्रकारच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रेमकथेच्या, कादंबरीचा शेवट सुखाचा असतो, हे वाचक पहिल्या पानापासून धरूनच चालते. लग्नाला उभे राहणारे दोघेही विश्वासणारे हवेत, हेही ठरलेलं. बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर एका जुवाखाली जाऊ नका. त्याने लग्नाचं नाव घेतलेलं नाही, पण मंडळीत हा शास्त्रभाग लग्नाच्या संदर्भातच सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि मीही तो मानूनच लिहिते.

पण त्यातूनच या लेखनातला सगळ्यात अवघड पेच उभा राहतो. नायकाचा विश्वास हीच लग्नाची अट असेल, तर तो विश्वास खरा कशावरून? सारा समोर आहे, तिचं त्याच्यावर प्रेम आहे, मध्ये काय ते एवढंच आडवं आलंय. अशा वेळी योएलने गुडघे टेकले तर ते देवापुढे की सारापुढे? त्याला स्वतःलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि लग्नानंतर कधीतरी, एखाद्या भांडणाच्या रात्री, साराच्या मनात तो प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही. असं लग्न मी तिला लावून देणार नाही.

फोनवर एवढंच म्हटलं, मला थोडा वेळ द्या.

दुपारी बायबलमधलं रूथचं पुस्तक उघडलं. चारच अध्याय. एरवी मी त्याच्याकडे जाते ती तिसऱ्या अध्यायासाठी. खळ्यातली रात्र, धान्याच्या राशीपाशी झोपलेला बवाज (पुढे रूथचा नवरा होणारा), त्याच्या पायांवरचं पांघरूण सारून तिथे निजलेली रूथ. मध्यरात्री तो दचकून उठतो आणि विचारतो, तू कोण आहेस? तिला तो नाही म्हणत नाही, पण आपल्याहून जवळचा एक नातलग आहे, तिच्याशी लग्न करण्याचा त्याचा हक्क आधी, हेही तिथेच सांगून टाकतो. उजाडायच्या आत तिच्या पदरात सहा मापं जव घालून तिला पाठवतो. दोघांमध्ये काय दाटून आलंय हे सगळं कळतं, आणि त्यातलं काहीच उघडं करून दाखवलेलं नाही. लोक मला विचारतात, मर्यादा पाळून प्रेमकथा रंगते का? मी त्यांना हा अध्याय वाचायला सांगते.

आज मात्र पहिल्या अध्यायातच थांबले. सासू नामी आपल्या दोन्ही विधवा सुनांना, रूथ आणि अर्पाला, परत जायला सांगते. तुम्हाला नवरे म्हणून द्यायला माझ्या पोटी आता मुलगे नाहीत, असं स्पष्ट बोलते. म्हणजे माझ्याबरोबर आलात तर लग्नाची आशा सोडा. अर्पा रडते, सासूचं चुंबन घेते आणि वळते. आणि त्याच रस्त्यावर रूथ म्हणते, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. बवाज अजून कथेत आलेलाच नाही! तो येतो दुसऱ्या अध्यायात. आणि भेटल्यावर तो तिच्या रूपाबद्दल अवाक्षर काढत नाही. नवरा गेल्यावरही ती सासूशी कशी वागली, इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला कशी आली, हे त्याच्या कानावर आधीच गेलेलं असतं.

किती वर्षं वाचतेय हे पुस्तक, पण हा क्रम आज पहिल्यांदा असा समोर आला. आधी विश्वास, तोही पदरात काही पडण्याची शक्यता नसताना, आणि मग माणूस. योएलचं प्रकरण सारा गेल्यानंतरच येईल. आणि ती परत येणार आहे, हे त्याला ठाऊक नसेल.

शुक्रवार

लिहायला बसले तेव्हा मनात काहीच ओलावा नव्हता. प्रार्थनाही कोरडीच झाली. असे दिवस पुष्कळ येतात आणि तरी पानं भरावी लागतात. अशा वेळी मला अमेरिकन ख्रिस्ती कादंबरीकार ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल आठवतात. पाळक असलेले पती 1899 मध्ये वारले, पदरात दोन मुली. संसार चालवायला त्यांनी लेखणीचाच आधार घेतला आणि आयुष्यभरात शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. पोटासाठी लिहिलेलं देवासाठी लिहिलेलं नसतं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

तर योएल. तो जुने ऑर्गन दुरुस्त करतो. चर्चमध्ये येतो तो कामापुरता, उपासनेला बसत नाही. लहानपणी भावाबरोबर गायनमंडळात होता. भाऊ गेला आणि याने गाणं आणि चर्च दोन्ही सोडलं. आजच्या प्रसंगात चर्च रिकामं आहे. एक स्वर अडकलाय, पट्टीवर बोट नसतानाही वाजतच राहतो. योएल पाटा काढून आत हात घालतो. कचरा निघतो, स्वर थांबतो. त्या शांततेत त्याला भावाचा आवाज आठवतो, त्या गीतातली भावाची ओळ आठवते, आणि तो आपली ओळ म्हणायला तोंड उघडतो. आवाज फुटत नाही. तो देवाला पहिलं वाक्य बोलतो ते रागाचं: "त्याला का नेलंस?" बस्स. पश्चात्तापाचं भाषण नाही, खिडकीतून येणारा प्रकाश नाही. उत्तरही नाही. पण इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा कुणाशी तरी भांडतोय, म्हणजे समोर कुणीतरी आहे हे त्याने धरलंय. साराचं नाव या प्रसंगात एकदाही घेतलं नाही. मोह फार झाला होता.

बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटाकडे कुठे ना कुठे आशेची कड दिसते, पण स्तोत्र 88 अंधारातच संपतं. तरीही ते स्तोत्र शास्त्रात ठेवलंय. माझ्या पात्रांनाही उत्तर न मिळालेली प्रार्थना करता यायला हवी.

साराच्या जाण्यावरही काम करावं लागलं. ती त्याला वळवण्यासाठी जाते असा वाससुद्धा येता कामा नये. मग तो सौदा होईल. नोकरीचं बोलावणं आलंय म्हणून ती जाते, आणि निघताना खरं तेच बोलते: तू आवडतोस, पण ज्याच्यावर माझा जीव उभा आहे ते तुझ्यापासून लपवून मला जगता येणार नाही. मागे आशेचा धागाही ठेवत नाही.

शनिवार

संपादकबाईंना सगळं समजावून लिहिलं. त्यांनी दुपारीच कळवलं: क्रम तुमच्या मनासारखा ठेवा, फक्त प्रकरण लांबवू नका. बरं वाटलं.

पण मनात दुसरंच घोळतंय. मागे एका वाचक बाईंचं पत्र आलं होतं. त्यांचा नवरा चांगला आहे, त्यांना उपासनेला स्वतः पोहोचवतो आणि बाहेर थांबतो. पुष्कळ वर्षं झाली, आत आला नाही. त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या पुस्तकांत सगळे शेवटी आत येतात. माझ्यासारखीसाठी काही आहे का?" करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौल अशाच बाईशी बोलतो: नवरा राहायला राजी असेल तर त्याला सोडू नकोस. त्यांना मी हेच लिहिलं होतं. पण त्यांनी विचारलं होतं माझ्या पुस्तकांबद्दल, आणि त्याचं उत्तर पुस्तकातच द्यायला हवं.

साराला एक मावशी आहे, आतापर्यंत ती फक्त लग्नाची घाई करायला येत होती. तिचा नवरा बाहेर थांबणारा असेल. तो शेवटच्या पानापर्यंत बाहेरच थांबेल, आणि तरीही ते जोडपं मला या पुस्तकातलं सगळ्यात प्रेमळ जोडपं करायचं आहे. सारा निघायच्या आदल्या रात्री मावशीकडे येते. तिच्याशी काय बोलावं, हे मावशीला चांगलं ठाऊक आहे. उद्या उपासनेहून आल्यावर तिथूनच सुरुवात करेन.