पुन्हा प्याला, मग उपचाराचा उपयोग काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ग्रामसभा संपल्यावर, बचत गटाच्या बैठकीत, कधी एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशाकडून हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. "बकऱ्या विकून पोराले महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, चांगला होऊन आला, अन् पोळ्याच्या करीले पुन्हा प्याला. मंग त्या इलाजाचा उपयोग काय?"

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत मी व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून काम करतो. माझे म्हणणे असे की केंद्रातला महिना वाया जात नाही, मात्र त्या महिन्यालाच आपण संपूर्ण उपचार समजतो आणि ही समजूत रुग्णाला फार महागात पडते.

त्या महिन्यात मुख्यतः शरीर सावरते. वर्षानुवर्षे रोज दारू पोटात गेली की मेंदू तिच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत उत्तेजित ठेवू लागतो, आणि दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना आवरणारे काही उरत नाही. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. दारूबंदी असलेल्या वर्ध्यासारख्या जिल्ह्यात या अवस्थेचा आणखी एक धोका मी पाहिला आहे. मांडीचे हाड मोडलेला एक शेतमजूर दवाखान्यात भरती होता, आणि पोलिसांची भानगड नको म्हणून तो रोज पितो हे घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचू लागला, वारलेल्या बापाला हाका मारू लागला आणि मोडक्या पायावर उभा राहायला धडपडू लागला. बाहेरची बाधा समजून भावाने भगताला बोलावण्याची तयारी केली होती. रात्रपाळीच्या सिस्टरने मेहुण्याला बाजूला घेऊन "शेवटची कधी घेतली होती?" एवढेच विचारले, तेव्हा उलगडा झाला. मेंदूची उत्तेजना शांत करणारी औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, सुरू झाले आणि काही दिवसांत तो माणसे ओळखू लागला. म्हणून रोज पिणाऱ्याला घरात कोंडून किंवा साखळीने बांधून त्याची दारू तोडणे जिवावर बेतू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेशही मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे.

शरीर सावरले तरी ओढ उरते. ती वासाने, ठरलेल्या वेळेने, ओळखीच्या माणसांनी जागी होते, आणि केंद्राच्या भिंतीआड यांपैकी काहीच नसते. गावी परतल्यावर मात्र आठवडी बाजार तोच असतो, कापूस विकून हातात आलेला पैसा तोच आणि संध्याकाळी पुलाजवळ पन्नी, म्हणजे दारूची प्लॅस्टिकची पिशवी, घेऊन उभा राहणारा माणूसही तोच. पुष्कळदा दारू सुटते आणि खर्रा वाढतो. घरचे त्यात समाधान मानतात, परंतु सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या त्या मिश्रणाने तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाची भीती असते, त्यामुळे मी त्याबद्दलही पहिल्या भेटीपासून बोलतो.

एका झटक्यात गुण देणाऱ्या उपायाची आशा फार जुनी आहे. अमेरिकेतील डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ सालीच नित्याच्या दारूबाजीकडे आजार म्हणून पाहावे अशी मांडणी केली होती, तरी त्यानंतरचे शतक झटपट औषधांच्या शोधात गेले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८८४ मध्ये मॉर्फिनची सवय मोडण्यासाठी कोकेन सुचवले, आणि त्यांच्या ज्या मित्रावर तो प्रयोग झाला तो कोकेनच्याही आहारी गेला. १८९८ मध्ये हेरॉइन बाजारात आले ते खोकल्याचे औषध म्हणून, आणि मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही अशी तेव्हा समजूत होती. १९४८ मध्ये डेन्मार्कमधील याकोबसेन आणि हाल्ड या संशोधकांनी डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध पुढे आणले. पोटातील जंतांवर हे औषध चालेल का हे तपासताना त्यांनी ते स्वतः घेतले होते, आणि त्यावर मद्य घेताच आपल्याला त्रास होतो हे त्यांच्या लक्षात आले. शरीरात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि डायसल्फिराम त्याचे पुढे विघटन होऊ देत नाही, त्यामुळे चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो.

हेच औषध आपल्याकडे "न सांगता दारू सोडवा" म्हणून भाजीत कालवले जाते. एका बाईने मला पदराच्या गाठीतून कागदाची पुडी सोडून दाखवली. ती रोज वरणात चिमूटभर टाकत होती आणि नवऱ्याला छातीत कळ आली तेव्हा घाबरून माझ्याकडे आली होती. तिची तळमळ मला कळते, पण अशी पुडी देणाऱ्यांना मी क्षमा करू शकत नाही. डायसल्फिराम उपयोगी आहे, मात्र रुग्णाला सर्व सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून, घरातील कोणी रोज समोर गोळी देत असेल तेव्हाच. ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोनही आहे. त्याला अमेरिकेत १९९४ मध्ये दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. गोळी कोणतीही असली तरी ती महिनोनमहिने घ्यावी लागते.

पुन्हा पिण्याबद्दल मी लोकांना डॉक्टर बॉब यांची हकीकत सांगतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्याची चळवळ उभी राहिली. त्या भेटीनंतर डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तेथे भरपूर प्याले. परतल्यावर बिल यांनी त्यांची साथ सोडली नाही, आणि डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी घेतलेला घोट शेवटचा ठरला. चळवळ तोच आपला स्थापना दिवस मानते. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसे गावोगावी आहेत. माझ्या मते त्यांना शपथेइतकेच भजनाच्या फडाने, एकादशीने आणि सोबतच्या माळकऱ्यांनी धरून ठेवले आहे. ज्याने माळ घातली आणि फडावर जाणे सोडले, त्याची माळ टिकलेली मी क्वचित पाहिली.

अशी सोबत सरकारी व्यवस्थेत फार थोडी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. विदर्भात दारूबंदीच्या चळवळी मोठ्या झाल्या. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने दारू दुर्मिळ होते आणि बायकांना बळ मिळते, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे, पण जो आधीच आजारी आहे त्याचे काय हा प्रश्न तिने सुटत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून सुरू असलेल्या मुक्तिपथ अभियानाने तालुक्याला क्लिनिक आणि गावात उपचार शिबिरे अशी जोड दिली, ती मला योग्य दिशा वाटते. आमच्या भागात मानसोपचार तज्ज्ञासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि त्यात मजुराची एक दिवसाची रोजी बुडते. दुसऱ्या तपासणीला न येणाऱ्यांत इच्छा नसलेले थोडे असतात, भाडे नसलेले जास्त.

तेव्हा मुलगा करीला प्याला असेल तर त्याला दुसऱ्या दिवशीच घेऊन या. पुन्हा महिनाभर भरती करायला पैसे जमेपर्यंत थांबू नका. दोन दिवसांचे पिणे आवरायला सोपे असते, दोन महिन्यांचे तितके नसते. आल्यावर मी त्याला रागावणार नाही; कोणासोबत प्याला, पैसे कुठून आले, त्या दिवशीची गोळी घेतली होती का, एवढे विचारीन आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच्यासोबत कोण राहील हे घरच्यांशी ठरवीन. आणि परवा ज्या सरपंचांनी व्यसनमुक्तीच्या मोठ्या कार्यक्रमासाठी वर्गणी काढण्याचे माझ्याजवळ बोलून दाखवले, त्यांना माझी विनंती आहे की त्या पैशातून मंडप घालू नये. गावातील जे लोक उपचार घेत आहेत त्यांना वर्षभर दर पंधरा दिवसांनी तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे त्यातून द्यावे, आणि दर खेपेस त्यांच्याबरोबर गावातील एक माणूस पाठवावा.